न विकली गेलेली खुर्ची : अ‍ॅमेझॉनला खुले पत्र

अ‍ॅमेझॉन कंपनीच्या कारभारी मंडळींस,

सिएटल शहराच्या सिटी कौन्सिलमधली एक खुर्ची तुमच्या डोळ्यांत फार दिवस खुपत होती. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये, मतदानाला तीन आठवडे उरले असताना, तुम्ही तिचा बंदोबस्त करायला निघालात. शहरातल्या व्यापारी चेंबरच्या निवडणूक निधीत तुम्ही एका फटक्यात साडेदहा लाख डॉलर ओतले. आधी दिलेले धरून आकडा साडेचौदा लाखांच्या घरात गेला. आणि ही निवडणूक कुणाची? राष्ट्राध्यक्षाची नाही, सिनेटरची नाही, गव्हर्नरचीही नाही. घरभाडं, बसथांबे, वाचनालयं आणि पोलिसांचं बजेट यांवर चर्चा करणाऱ्या नऊ नगरसेवकांच्या सभागृहातल्या सात जागांची.

आमच्याकडे मतदानाच्या आदल्या रात्री वस्त्यांमधून लक्ष्मीदर्शन होतं, तेव्हा वाटणाऱ्याला निदान अंधाराचा आडोसा घ्यावासा वाटतो. तुम्हाला तेवढीही गरज भासली नाही. तुम्ही दिवसाढवळ्या, कायद्याच्या चौकटीत, नोंद करून रक्कम भरली. मग निकाल लागला आणि तुमच्या चेंबरने पाठिंबा दिलेल्या सातपैकी पाच जणांना मतदारांनी घरी पाठवलं. तुमच्या मुख्यालयात पै-पैचा हिशेब ठेवणारी माणसं आहेत म्हणतात. त्यांनी या साडेचौदा लाखांपुढे काय लिहिलं?

ज्या बाईंना पाडायला तुम्ही एवढा खटाटोप केलात, त्या क्षमा सावंत. जन्म पुण्याचा, घर तमिळ, बालपण मुंबईतलं. मुंबई विद्यापीठातून संगणकशास्त्राची पदवी घेऊन त्या अमेरिकेत गेल्या, तिथे अर्थशास्त्रात पीएचडी केली आणि सिएटलमध्ये शिकवू लागल्या. म्हणजे तुमच्या कचेऱ्यांत आज हजारोंनी दिसणारे भारतीय तरुण ज्या वाटेने येतात, त्याच वाटेने त्याही आल्या. फरक एवढाच की कोड लिहायचं सोडून, एवढ्या श्रीमंत देशात माणसं रस्त्यावर का झोपतात, हा प्रश्न त्यांनी धरून ठेवला. २०११ मध्ये आर्थिक विषमतेविरुद्धचं ऑक्युपाय आंदोलन पेटलं तेव्हा त्या त्यात होत्या. २०१२ मध्ये त्यांनी राज्याच्या विधानसभेच्या अध्यक्षाविरुद्ध निवडणूक लढवली आणि हरल्या, पण सुमारे २९ टक्के मतं घेऊन हरल्या. ज्या देशात समाजवादी हा शब्द शिवीसारखा वापरला जातो, तिथे दहातल्या जवळपास तिघांनी उघडपणे समाजवादी म्हणवणाऱ्या बाईला मत दिलं होतं. ती सूचना तुम्ही वाचली नाहीत.

२०१३ चा निकाल तरी तुम्ही नीट वाचायला हवा होता. समोर रिचर्ड कॉनलिन होते. सोळा वर्षं कौन्सिलवर असलेले, सभ्य, पर्यावरणाबद्दल बरं बोलणारे गृहस्थ. पण २०११ मध्ये कामगारांना आजारपणाची पगारी रजा देणारा कायदा आला, तेव्हा त्याच्या विरोधात मत देणारे ते एकटेच होते. सावंत यांची मागणी एका आकड्याची होती : तासाला १५ डॉलर किमान वेतन. तेव्हा वॉशिंग्टन राज्याचा दर सव्वानऊ डॉलरच्याही खाली होता. वर्तमानपत्रांतल्या शहाण्यांना ती मागणी पोरकट वाटली. मतमोजणीच्या पहिल्या रात्री सावंत मागे होत्या. पण वॉशिंग्टनमध्ये मतदान टपालाने होतं. शेवटच्या दिवसाचा शिक्का असलेली पाकिटं पुढे कित्येक दिवस येत राहतात आणि मोजली जातात. तरुण, भाडेकरू, दोन-दोन पाळ्या करणारी माणसं मतपत्रिका उशिरा टाकतात. ती पाकिटं उघडत गेली तशी आघाडी वितळत गेली. दहा दिवसांनी कॉनलिन यांनी हार मान्य केली. अंतर तीन हजारांहून थोडं अधिक. १९१६ मध्ये अ‍ॅना लुईस स्ट्राँग शाळा मंडळावर निवडून आल्या होत्या. त्यानंतर जवळपास शंभर वर्षांनी सिएटलने शहरव्यापी निवडणुकीत समाजवादी उमेदवाराला निवडलं.

मग काय झालं, तेही सांगते. २ जून २०१४ रोजी कौन्सिलने १५ डॉलरचा कायदा एकमताने मंजूर केला. दुकानं ओस पडतील, हॉटेलांना टाळं लागेल, असं बजावणारे तेव्हा पुष्कळ होते. शहर बुडालं नाही. २०२५ मध्ये सिएटलचं किमान वेतन तासाला २० डॉलर ७६ सेंट झालं. देशाचा किमान दर मात्र २००९ पासून सव्वासात डॉलरवर अडकून पडला आहे. आणि तुम्ही? ऑक्टोबर २०१८ मध्ये तुम्ही मोठ्या थाटात जाहीर केलंत की अमेरिकेतल्या तुमच्या प्रत्येक कामगाराला किमान १५ डॉलर मिळतील. त्याच्या पाच वर्षं आधी ज्या आकड्याची टिंगल होत होती, तोच आकडा तुम्ही स्वतःच्या उदारपणाचं प्रमाणपत्र म्हणून मिरवलात. तो ज्यांनी रस्त्यावर आणला, त्या फास्टफूडच्या काउंटरवरच्या संपकऱ्यांचा आणि त्या नगरसेविकेचा उल्लेख तुमच्या घोषणेत शोधून सापडत नाही.

पण तुमचा खरा गुन्हा त्याच वर्षीच्या मे महिन्यातला आहे.

सिएटल आणि आसपासच्या किंग काउंटीत २०१८ च्या जानेवारीत बेघरांची मोजणी झाली, तेव्हा संख्या बारा हजारांच्या वर भरली. तुमच्या वाढीबरोबर शहरात पगार वाढले, पगारांबरोबर भाडी वाढली आणि ज्यांचे पगार वाढले नाहीत, ते तंबूत आले. वॉशिंग्टन राज्यात तेव्हा व्यक्तीच्या उत्पन्नावर आयकर नव्हता. सरकारी तिजोरी बऱ्याच अंशी विक्रीकरावर चालत होती, म्हणजे गरीब आपल्या मिळकतीतला मोठा हिस्सा देत होता आणि श्रीमंत छोटा. म्हणून कौन्सिलने ठरवलं की वर्षाला दोन कोटी डॉलरहून अधिक उलाढाल असलेल्या कंपन्यांनी दर कर्मचाऱ्यामागे वर्षाला २७५ डॉलर द्यावेत. मूळ प्रस्ताव ५०० डॉलरचा होता. तुमची नाराजी पाहून तो जवळपास अर्ध्यावर आणला होता. त्यातून वर्षाला पावणेपाच कोटींच्या आसपास डॉलर परवडणाऱ्या घरांसाठी आणि बेघरांसाठी मिळणार होते. १४ मे रोजी नऊच्या नऊ नगरसेवकांनी बाजूने मत दिलं.

तुमच्या वाट्याला वर्षाला सव्वा कोटीच्या आसपास डॉलर आले असते. त्या वर्षी तुमचा निव्वळ नफा हजार कोटी डॉलरहून जास्त होता. तरीही मतदानाआधीच तुम्ही शहराच्या मध्यभागातल्या नव्या टॉवरचं नियोजन थांबवलंत. हजारो नोकऱ्यांचा गळा धरून तुम्ही लोकनियुक्त सभागृहाला विचारलंत, बोला, आता काय करता? मग कर रद्द करण्यासाठी सह्या गोळा करणाऱ्या मोहिमेला पंचवीस हजार डॉलरचं आश्वासन दिलंत. महिना उलटायच्या आत, १२ जूनला, त्याच कौन्सिलने सात विरुद्ध दोन मतांनी तोच कर रद्द केला. विरोधात राहिल्या त्या टेरेसा मॉस्केडा आणि क्षमा सावंत. बाकीच्या सातांनी तुमच्यासमोर मान तुकवली, तरी तुमचं समाधान झालं नाही. मान न तुकवणारी बाई सभागृहात दिसते, हेच तुम्हाला सहन झालं नाही. म्हणून २०१९.

त्या निवडणुकीची पहिली रात्र तुम्हाला गोड गेली असेल. तिसऱ्या प्रभागात सावंत आठ-नऊ टक्क्यांनी मागे होत्या. पण तुम्ही ज्या शहरात दोन दशकांहून अधिक काळ धंदा केलात, तिथली मतं कशी मोजतात हे तुम्हाला माहीत नव्हतं असं कसं म्हणावं? तीच उशिराची पाकिटं, तेच भाडेकरू, तेच तरुण. तीन दिवसांनी त्या पुढे गेल्या आणि शेवटी सतराशेहून अधिक मतांनी जिंकल्या. त्यांच्यासाठी घरोघरी दारं वाजवणारी माणसं होती. तुमच्याकडे चकचकीत पत्रकं होती.

तुमच्यावर अन्याय नको, म्हणून दुसरी बाजूही सांगते. सावंत यांचा स्वभाव भांडखोर. सहकारी नगरसेवकांशी त्यांचं जमलं नाही. त्यांच्या प्रभागातही त्यांना कंटाळलेली माणसं पुष्कळ होती. कर लावण्याच्या मोहिमेसाठी कौन्सिलच्या कार्यालयाची साधनं वापरल्याबद्दल शहराच्या नीतिआयोगाकडे प्रकरण गेलं आणि २०२१ मध्ये साडेतीन हजार डॉलरच्या आसपास दंड त्यांनी भरला. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये त्यांना परत बोलावण्यासाठी मतदान झालं, तेव्हा त्या अवघ्या ३१० मतांनी बचावल्या. त्यांच्यावर नाराज असण्याचा, त्यांना पाडण्याचा पूर्ण अधिकार त्या प्रभागाच्या मतदाराला होता. तो अधिकार त्याचा होता, तुमचा नव्हता.

आणि गंमत म्हणायची तर एवढीच : कार्यालयाची साधनं वापरल्याबद्दल लोकप्रतिनिधीला दंड होऊ शकतो, निवडणुकीत साडेचौदा लाख ओतणाऱ्याला मात्र कुणी नोटीसही धाडू शकत नव्हतं. उमेदवाराला थेट देणगी द्यायची तर मर्यादा आहे. पण उमेदवारापासून वेगळं म्हणवून घेणाऱ्या निधीत हवे तेवढे पैसे घालायला कंपन्यांना अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या निकालाने मोकळीक दिली. तुम्ही कायदा मोडला नाहीत. माझी तक्रार हीच आहे. लाच देणारा निदान पकडला जाण्याची भीती बाळगतो. तुम्ही ज्या पद्धतीने शहरावर ताबा मिळवायला निघालात, तिच्यात भीतीला जागाच ठेवलेली नाही. भीती वाटायची ती फक्त दुसऱ्या बाजूला. प्रत्येक नगरसेवकाने हात वर करण्याआधी विचार करायचा की पुढच्या वेळी आपल्याविरुद्ध दहा लाख येतील का. तुम्ही हरलात, तरी ती भीती पेरून गेलात. म्हणून २०१९ चा निकाल हा तुमच्या फजितीचा किस्सा म्हणून हसण्यावारी नेता येत नाही.

तुमची योजना यशस्वी झाली असती, तर काय हरवलं असतं याची यादी मी ठेवली आहे. २०२० च्या फेब्रुवारीत थंडीच्या महिन्यांत भाडेकरूला घराबाहेर काढण्यावर बंधन घालणारा ठराव आला. २०२१ मध्ये घर सोडण्याची नोटीस मिळालेल्या भाडेकरूला मोफत वकील मिळाला. जुलै २०२० मध्ये कौन्सिलने सात विरुद्ध दोन मतांनी मोठ्या कंपन्यांच्या मोठ्या पगारांवर कर लावला. वर्षाला वीस कोटी डॉलरहून अधिक मिळवून देणारा तो कर मॉस्केडांनी मांडला होता, पण त्यामागे रस्त्यावर रेटा होता सावंत यांच्या मोहिमेचा. २०१८ मध्ये तुम्हाला पावणेपाच कोटी जड झाले होते. दोन वर्षांनी शहराने चौपट मागितले आणि घेतले.

आणि २१ फेब्रुवारी २०२३. त्या दिवशी सिएटल हे जातीवरून होणाऱ्या भेदभावाला कायद्याने बंदी घालणारं अमेरिकेतलं पहिलं शहर ठरलं. मत पडलं सहा विरुद्ध एक. ठराव सावंत यांचा. बाबासाहेबांच्या फोटोचे फलक घेऊन त्या सभागृहात बसलेली माणसं पुण्या-मुंबईच्या, नागपूरच्या मराठी घरांत जन्मलेल्यांना परकी नव्हती. आडनाव विचारून जागा दाखवण्याची रीत आपली माणसं पासपोर्टसोबत घेऊन जातात. ती रीत तुमच्यासारख्यांच्या कचेऱ्यांतही चालते, असं तिथल्या दलित कर्मचाऱ्यांनी सांगितलं तेव्हा ऐकायला सभागृहात कुणीतरी बसलेलं असणं आवश्यक होतं. साडेचौदा लाख डॉलरमध्ये तुम्ही तेही विकत घ्यायला निघाला होतात, कदाचित तुमच्या ध्यानातही नसेल.

मुंबईची मतदार तुम्हाला पत्र का लिहिते, असं विचाराल. कारण आमच्या शहराला हा धडा जुना आहे. १९६१ मध्ये मृणाल गोरे मुंबई महापालिकेत निवडून आल्या. गोरेगावच्या बायकांचे रिकामे हंडे त्यांनी सभागृहाच्या दारात नेले आणि लोकांनी त्यांना पाणीवाली बाई हे नाव दिलं. एक नगरसेविका शहराला काय देऊ शकते हे आम्ही पाहिलं आहे. आणि नगरसेवकच नसले तर काय होतं, तेही पाहिलं आहे : मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून जास्त काळ, काही राज्यांहून मोठा अर्थसंकल्प असलेली ही पालिका एकट्या प्रशासकाने चालवली. वस्तीतल्या नळाला पाणी नाही म्हणून गाऱ्हाणं घेऊन जायला निवडून दिलेलं माणूसच नव्हतं. पैसेवाल्याला मंत्रालयाची वाट माहीत असते. गरिबाची वाट प्रभागापर्यंतच जाते. म्हणून ती खुर्ची लहान दिसली तरी लिलावात काढता येत नाही.

सावंत यांनी स्वतः तिला किती किंमत लावली, तेही बघा. पगार वर्षाला १ लाख १७ हजार डॉलरच्या आसपास होता. त्या त्यातले ४० हजार घेत आणि उरलेले चळवळींच्या निधीत देत. दहा वर्षं काम करून जानेवारी २०२४ मध्ये त्या स्वतःहून कौन्सिलबाहेर पडल्या. त्या गेल्या म्हणून तुम्ही निश्चिंत झाला असाल, तर त्या शहराने २०२० च्या जानेवारीत काय केलं ते आठवा : परदेशी भागधारकांचा ठरावीक वाटा असलेल्या कंपन्यांना शहराच्या निवडणुकीत पैसे घालायला कौन्सिलने एकमताने बंदी केली. तुमच्या साडेचौदा लाखांनी त्या कायद्याला लागणारं बहुमत गोळा केलं.

तेव्हा पुढच्या निवडणुकीआधी एवढं करा. कर भरा, पूर्ण भरा, नोकऱ्या ओलीस न धरता भरा. गोदामात उभ्याने दहा तास काम करणाऱ्यांना संघटना बांधू द्या. आणि तुमचं मत मांडायचंच असेल, तर नागरिकांसाठीच्या खुल्या सभेत रांगेत उभं राहून मांडा; तिथे कंपनीच्या प्रतिनिधीलाही तेवढीच मिनिटं मिळतात जेवढी भाडं थकलेल्या बाईला.

मुंबईहून,
एक मतदार