सातबाऱ्यातला कंस

सातबाऱ्यावरून माणूस काढायचा असला की त्याचं नाव खोडत नाहीत, कंसात घालतात. दोन बाजूंना दोन बारीक चंद्रकोरी, मध्ये बापजाद्याचं नाव शाबूत, शेजारी वर्तुळात फेरफाराचा नंबर. जुना हस्तलिखित सातबारा काढून पाहा, इतक्या सभ्यपणे बेदखल करण्याची कला दुसऱ्या कुठल्या कागदाला साधलेली दिसणार नाही. मथुरेच्या कंसाला कृष्णाने मंचावरून खाली ओढलं आणि प्रकरण जागेवर निकाली काढलं. सातबाऱ्यातला कंस मारायचा तर शहापूरकराने भिवंडीला प्रांताकडे अपील करायचं, मुरबाडकराने कल्याणला; तिथे हरला तर ठाण्याला अपर जिल्हाधिकाऱ्यांकडे; तिथून बेलापूरच्या कोकण भवनात; आणि नशीब व वकील दोन्ही दांडगे असले तर मंत्रालयात. कृष्णाला एवढे टप्पे असते तर उग्रसेन अजून तुरुंगातच असता, आणि सुटकेच्या अर्जाला विलंब माफीचा अर्ज जोडला नाही म्हणून त्याला पुढची तारीख मिळाली असती.

नागरिकशास्त्राच्या पुस्तकात न्यायव्यवस्थेचा त्रिकोण काढलेला असतो. टोकाला सर्वोच्च न्यायालय, खाली उच्च, मग जिल्हा, आणि पायाशी तालुक्याचं दिवाणी व फौजदारी न्यायालय. शहापूरला न्यायालय आहे, मुरबाडलाही आहे. काळा कोट आहे, पुकारा आहे, बाहेर टायपिंगवाला आहे. चित्रकाराकडून राहून गेला तो तलाठी. त्याच्या कार्यक्षेत्राला आपल्याकडे ‘सजा’ म्हणतात, आणि ज्याने हा शब्द महसुलात आणला त्याला पुढचं दिसत असावं. या दोन तालुक्यांपुरतं माझं म्हणणं असं की त्रिकोण उलटा आहे, टोक खाली आहे, आणि ते सजाच्या दप्तरात रुतलेलं आहे. सर्वोच्च म्हणवणाऱ्या न्यायपीठाला दोन गुण लागतात: त्याचा शब्द सगळ्यांनी मानावा, आणि तो सहसा फिरू नये. फेरफाराच्या नोंदवहीत हे दोन्ही गुण वकिलाशिवाय हजर आहेत.

इथे कायद्याचा अभ्यासक हात वर करील. फेरफाराने मालकी मिळत नाही, ती नोंद केवळ महसूल वसुलीसाठी असते, हे न्यायालयांनी इतक्या वेळा सांगितलंय की शिकाऊ वकिलालाही ते पाठ असतं. कबूल. पण महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम १५७ याच नोंदीबद्दल सांगतं की उलट सिद्ध होईपर्यंत ती खरी मानायची. म्हणजे नोंद मालकी देत नाही, फक्त मालकी नसल्याचं सिद्ध करण्याचं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवते. आणि ते ओझं उचलायला दहा-बारा वर्षं, मोजणीची फी आणि एक धीराचा मुलगा लागतो. दरम्यान सोसायटीचं पीककर्ज नोंदीवर मिळतं, अवकाळीची भरपाई नोंदीवर येते, खरेदीखताला सातबारा लागतो. समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यातून गेला आणि इगतपुरी ते आमणे हा त्याचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला. मोबदला वाटताना कुणी मालकीच्या तत्त्वज्ञानावर व्याख्यान दिलं नाही, सातबारा मागितला. कंसाबाहेरच्याला धनादेश, कंसातल्याला सल्ला: दिवाणीत दावा टाका.

बरं, दिवाणीत टाकू. तर संहितेचं कलम १५८ दारातच उभं. अमुक नोंद करा किंवा तमुक वगळा एवढ्यासाठी शासनावर वा त्याच्या अधिकाऱ्यावर दावा चालत नाही. आणि जमीन कुळाची निघाली, जी ठाण्यात बहुतेकदा निघते, तर १९४८ च्या कुळकायद्याचं कलम ८५ दिवाणी न्यायालयाला हात लावू देत नाही. ८५-अ त्याहून गमतीचं. दाव्यात ‘हा कूळ आहे की नाही’ असा प्रश्न आला की न्यायाधीशाने दावा थांबवायचा आणि तो प्रश्न मामलेदाराकडे, म्हणजे तहसीलदाराकडे, धाडायचा. त्रिकोण उलटा आहे हे मी रागाच्या भरात म्हणत नाही. काळ्या कोटातला न्यायाधीश महसुलाच्या खुर्चीला विचारतो आणि उत्तराची वाट पाहत बसतो, हे विधिमंडळाने लिहून ठेवलंय.

ती खुर्ची जरा जवळून पाहण्यासारखी आहे. सकाळी तिच्यात तालुका दंडाधिकारी बसतात आणि शांतता राखण्याचं बंधपत्र घेतात. अकराच्या सुमारास तेच शेतजमीन न्यायाधिकरण होतात व कुळकायद्याच्या कलम ३२-ग खाली कुळाच्या जमिनीची किंमत ठरवतात. जेवणाआधी १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली अडवलेल्या शेतरस्त्याचा निवाडा असतो. दुपारी दाखले, मग व्हिडिओ कॉन्फरन्स. उन्हाळा असला तर टँकर, कारण ज्या शहापुरात तानसा, मोडकसागर आणि भातसा आहेत, मुंबईच्या पाण्याचा जवळपास निम्मा भार एकटं भातसा उचलतं, त्याच शहापुरात पाडे टँकरची वाट पाहतात. निवडणूक लागली की हे सगळे न्यायाधीश एकदम मतदारयादीला जुंपले जातात आणि रोजनाम्यावर एकाच हस्ताक्षरात तारखा पडतात. माणूस बिचारा राबतो, त्याला हसण्यात अर्थ नाही. हसायचं ते संविधानाच्या अनुच्छेद ५० ला. न्याय आणि कारभार वेगळे करा, असं तो राज्याला सांगतो. फौजदारीत मुंबई राज्याने १९५१ चा कायदा करून ही फारकत घेतली, देशभर ती १ एप्रिल १९७४ च्या दंड प्रक्रिया संहितेने पक्की झाली. महसुलात मात्र संसार एकत्रच राहिला. नोंद करतो तलाठी, प्रमाणित करतो मंडळ अधिकारी, चूक झाली तर ऐकतो तहसीलदार, त्याची चूक ऐकतो प्रांत. सुनेची तक्रार सासूकडे, सासूची आजेसासूकडे. घर एकच, चूलही एकच. चोराच्या वेळी न्यायाधीश आणि पोलीस एका खात्यातले असू नयेत हे ज्या राज्याला कळलं, त्याला शेतकऱ्याच्या वेळी ते कळू नये, याचं कारण मला तरी एवढंच दिसतं की चोराला जेल होते आणि शेतकऱ्याची जमीनच जाते.

या दरबारात दाद मागायला मुदत असते, आणि मुदती ठरवणाऱ्याने पंचांग पाहिलेलं नाही. फेरफाराची नोटीस चावडीवर लागते, संबंधितांना लेखी कळवायचं असतं, हरकतीला पंधरा दिवस. नोंद मंजूर झाली की अपिलाला साठ. आता कातकरी कुटुंबाचं वर्ष बघा. दिवाळी उरकली की बिऱ्हाड उचलून वीटभट्टीवर, ते पाऊस तोंडावर येईपर्यंत. नोटीस चावडीवर, माणूस भिवंडीकडच्या भट्टीवर. साठ दिवस उलटून शंभर होतात तेव्हा तो परत येतो, आणि कायद्याच्या दृष्टीने आता तो निष्काळजी ठरलेला असतो.

तरी कातकऱ्याचं फार बिघडत नाही असं म्हणणारेही आहेत, कारण मुळात त्याच्या नावावर जमीन कुठे होती? त्याच्यासाठी २००६ चा वनहक्क कायदा आला. १३ डिसेंबर २००५ आधीपासून कसत असेल त्याला चार हेक्टरपर्यंत हक्क, सुरुवात ग्रामसभेपासून, मग उपविभागीय समिती, मग जिल्हा समिती. कागदावर हा एकच त्रिकोण गावाच्या बाजूने काढलेला आहे. संपूर्ण शहापूर तालुका आणि मुरबाडची ७७ गावं अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे ग्रामसभेचा मान आणखी मोठा. नियमांनी गावातल्या वडीलधाऱ्यांचा जबाबसुद्धा पुरावा मानलाय. पण दप्तराला म्हाताऱ्याचा शब्द नोंदवायला रकाना सापडत नाही. त्याला पावती लागते. आणि खात्रीची पावती कुठली, तर वनखात्याने अतिक्रमणाबद्दल केलेल्या दंडाची. बापाने गुन्हा केल्याचा सरकारी शिक्का ज्याने पत्र्याच्या ट्रंकेत जपला, त्याचा हक्क शाबूत. ज्याच्या बापाला गार्डाने दया म्हणून सोडून दिलं, त्याच्या पोराने त्या दयेबद्दल आयुष्यभर पस्तावावं.

नोंदीच्या सत्तेचा सर्वात मोठा नमुना मात्र खाजगी वनांचा. १९७५ च्या कायद्याने ३० ऑगस्ट १९७५ रोजी महाराष्ट्रातली खाजगी वनं सरकारजमा झाली. कुणी आलं नाही, कुणी कुंपण घातलं नाही. शेतकरी दुसऱ्या दिवशी उठून भाताच्या खाचरात गेला. कित्येक ठिकाणी आधार होता तो १९२७ च्या वन कायद्याच्या कलम ३५(३) खालच्या, पन्नासच्या दशकातल्या नोटिशीचा, जी बजावली की नुसती काढली हे नोटिशीलाच ठाऊक. पुढे कित्येक वर्षांनी सरकारला आठवण झाली आणि ठाणे जिल्ह्यातल्या डोंगराळ गावांत सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात वन चढलं. तेव्हा लोकांना समजलं की आपण तिसेक वर्षं सरकारच्या जमिनीत आपला भात पिकवत होतो. हाच प्रसंग विक्रोळीत गोदरेजवरही आला. १९५६-५७ ची नोटीस, जवळपास अर्धशतकाची झोप, मग जाग. गोदरेज उच्च न्यायालयात हरले, सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि ३० जानेवारी २०१४ ला न्यायालयाने सांगितलं की नुसती नोटीस काढून आणि ती विसरून जंगल सरकारचं होत नाही. उत्तम निकाल आहे. पुस्तकातल्या त्रिकोणावर ज्यांचा विश्वास आहे त्यांनी तो जरूर दाखवावा: बघा, न्याय मिळतो. मिळतो की. गोदरेजना मिळाला. डोळखांबच्या खोऱ्यातल्या दीड एकरवाल्याने त्याच निकालाची प्रत घेऊन ‘इतर हक्क’ मोकळा करायला जायचं ठरवलं, तर सर्वोच्च न्यायालयाच्या वरचं न्यायपीठ कुठलं ते त्याला सजाच्या दारात कळेल: ‘आम्हाला तसा आदेश नाही.’

आता आधुनिक आक्षेप. सगळं ऑनलाइन झालंय, डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या निघतो, ई-पीक पाहणीने शेतकरी स्वतः पीक नोंदवतो. खरंय, आणि रांगा कमी झाल्या हेही खरं. पण संगणकाने चूक केली नाही, ती सुवाच्य केली. हस्तलिखितावरून टंकताना कुणाचे गुंठे गळले, कुणाची बहीण गळली; ते दुरुस्त करायला पुन्हा संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदाराकडे अर्ज. पूर्वी दप्तर कपाटात असायचं आणि किल्ली तलाठ्याकडे, आता दप्तर ढगात आहे आणि माळशेजच्या पायथ्याला रेंज नाही. सुधारणा म्हणाल तर तलाठ्याचं नावही बदललं, तो ग्राम महसूल अधिकारी झाला. नोंद मात्र पूर्वीच्याच मुक्कामी आहे.

मोफत विधी सेवेचंही नाव काढतील. १९८७ च्या कायद्याने अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अट न लावता वकील मिळतो, तालुक्याला समिती आहे, आणि त्या कायद्याच्या व्याख्येत महसुली न्यायालयही येतं. एवढं सगळं असून ते चावडीपर्यंत का पोचत नाही, तर समितीचा फलक न्यायालयाच्या आवारात आहे आणि भांडण तहसीलच्या.

राहिला खरा आक्षेप, ज्याला मी मान देतो. हे दप्तर नसतं तर सावकाराने केव्हाच सगळं गिळलं असतं. १ एप्रिल १९५७ ला कुळकायद्याने कसणारा मालक झाला तो कुणाच्या तलवारीवर नाही, पीकपाहणीत लिहिलेल्या नावावर. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीकडे जाऊ नये म्हणून संहितेचं कलम ३६-अ आहे, १९५७ ते १९७४ मधले व्यवहार उलटवून जमीन परत देण्याचा कायदा १ नोव्हेंबर १९७५ पासून आहे, सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये तो उचलून धरला. हे सगळं नोंदीच्याच जोरावर चालतं. मुरबाडच्या सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ ला गोळ्या झेलणारे स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल वकील होते आणि त्याआधी कुळांसाठीच झगडत होते. दरवर्षी त्या दिवशी तिथे हार वाहिले जातात, आणि हार वाहणाऱ्यांत महसूल खात्याचेही लोक असतात. म्हणून दप्तर जाळा असं कुणीही शहाणा म्हणणार नाही. प्रश्न एवढाच की जिथे माणसाचं नाव कंसात जातं ती जागा न्यायालय आहे की कारकुनी? न्यायालय असेल तर तिथे सुनावणी घ्यावी, कारणं लिहावीत, आणि निकाल देणाऱ्याच्या हाती टँकर देऊ नये. कारकुनी असेल तर तिच्या चुकीसाठी पाच पायऱ्या का चढायच्या?

चढणारे चढतातच. भिवंडी, ठाणे, बेलापूर, मंत्रालय: फाईल साधारण भातसाच्या पाण्याच्याच वाटेने मुंबईकडे सरकते, फक्त पाण्याला वकीलपत्र लागत नाही. वर पोचल्यावर वकिलांचा युक्तिवाद होतो, प्रकरण निकालासाठी बंद होतं आणि काही महिन्यांनी आदेश येतो. खालचा निर्णय रद्द, प्रकरण फेरचौकशीसाठी तहसीलदारांकडे परत. तहसीलदार चौकशी करतात, आदेश काढतात. आदेशाची नोंद घ्यायला फेरफार धरला जातो. नोटीस चावडीवर लागते. हरकतीला पंधरा दिवस. दिवाळी नुकतीच झालेली असते.