भिंतीचे मामलेदार

सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या माणसांच्या पुण्यात ज्या अनेक पोटजाती आढळतात, त्यांपैकी पहाटे पर्वती चढणारे, वृत्तपत्रांना पत्रे लिहिणारे आणि गीतेवर प्रवचने करणारे हे तीन वर्ग सर्वश्रुत आहेत. परंतु ज्याची अद्याप कोणी यथोचित दखल घेतलेली नाही असा एक चौथा वर्ग आहे, आणि तो सुशोभनकर्त्यांचा. हयातभर इतरांच्या जमिनींच्या हद्दी कायम करून झाल्यावर स्वतःच्या वाट्याला आलेल्या चार गुंठ्यांवर हा गृहस्थ टुमदार बंगला बांधतो, बंगल्यापुढे बाग करतो, आणि बागेतले गुलाब, तुळशीवृंदावन व झोपाळा ही सर्व कलमे मार्गी लागली की, ज्या एका वस्तूच्या आधारावर ही सारी बाग उभी आहे नेमकी तीच वस्तू कुरूप आहे, असा साक्षात्कार त्याला होतो. ती वस्तू म्हणजे बागेखालची संरक्षक भिंत.

या वर्गाचे मुकुटमणी म्हणून आमच्या वसाहतीतील ज्या निवृत्त मामलेदारांकडे बोट दाखवता येईल, त्यांना सारेजण रावसाहेब म्हणतात. टेकडीच्या उतारावर सपाट अंगण मिळावे म्हणून त्यांनी वरच्या अंगाची जमीन खोदून खालच्या अंगाला मुरमाचा भराव घातला होता, आणि हा भराव एखाद्या पावसाळ्यात रस्त्यावर उतरू नये म्हणून त्यास दहा फूट उंचीची काळ्या दगडाची भिंत घातली होती. सिमेंटवरील सरकारी नियंत्रण १९८२ साली अंशतः सैल झाले, त्यापूर्वीचे हे बांधकाम. साहजिकच परवान्यावर जेवढी पोती मिळाली तेवढ्यात ते उरकलेले. दगड अनघड, दरजा वेड्यावाकड्या, आणि ठिकठिकाणी पाण्याच्या निचऱ्यासाठी ठेवलेली भोके, ज्यांतून आषाढ-श्रावणात गढूळ पाणी पाझरून दगडांवर तांबूस ओघळ उमटत. भिंत आपले काम चोख बजावीत होती. परंतु केवळ काम चोख बजावले म्हणून एखाद्याची शिफारस करावी, असा रावसाहेबांच्या खात्याचा शिरस्ता कधीच नव्हता.

रावसाहेबांची सौंदर्यदृष्टी तालुक्याच्या कचेरीत घडली होती, हे ध्यानात घेतल्यावाचून पुढील हकिगतीचा उलगडा व्हायचा नाही. कलेक्टरसाहेबांच्या दौऱ्याचा हुकूम आला की कचेरीच्या आवारातील झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुन्याचे पट्टे ओढावयाचे, वाटेच्या दुतर्फा दगड मांडून ते पांढरे करावयाचे, गळके छप्पर कोरड्या ऋतूत असल्यास त्याचा उच्चार करावयाचा नाही, आणि साहेबांची मोटार दिसेनाशी झाली की पुढील दौऱ्यापर्यंत सर्व काही पूर्ववत होऊ द्यावयाचे, हा त्यांच्या तीस वर्षांच्या सेवेतील सौंदर्यशास्त्राचा गाभा होता. सुंदर म्हणजे तपासणीत निभावेल ते, अशी त्यांची मनोमन व्याख्या होती. आणि निवृत्तीनंतर तपासणी करावयास कोणीही येण्याचा संभव उरला नसतानाही त्यांनी ती व्याख्या पेन्शनीबरोबर जपून ठेवली होती.

पहिल्या वर्षी अर्थातच चुना आणि गेरू यांची तरतूद झाली. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास भिंत खालून तांबडी आणि वरून पांढरी अशी झळकू लागली, आणि कलेक्टर येणार आहेत काय, अशी पृच्छा दोघा-तिघा परिचितांनी केल्यामुळे रावसाहेबांना कृतार्थ वाटले. पण ज्या भिंतीच्या पाठीशी ओली माती असते, तिला समोरून दिलेला रंग मागून येणाऱ्या ओलीपुढे टिकत नाही. दसऱ्यापर्यंत लोणा लागून चुन्याचे पापुद्रे सुटले, आणि ओघळ तेवढे पूर्वीच्याच जागी पुन्हा हजर झाले.

दुसऱ्या वर्षी वेलींची नेमणूक झाली. मधुमालतीची फुले पांढरी उमलून पुढे गुलाबी व अखेरीस लाल होतात, ही गोष्ट रावसाहेबांना काहीशी खटकली, कारण रुजू झाल्यावर रंग बदलणारी माणसे त्यांनी पुष्कळ पाहिली होती. बोगनवेलीविषयी मात्र त्यांचे मत अनुकूल पडले. १७६६ ते १७६९ या काळात पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या बूगँव्हील नामक फ्रेंच नौदल-अधिकाऱ्याचे नाव तिला मिळालेले आहे, हे वाचनात आल्यापासून ते तिला जवळजवळ राजपत्रित समजत. परंतु बोगनवेल आपण होऊन भिंतीस चिकटत नाही. तिला खिळे ठोकून बांधावे लागते, आणि बांधणाऱ्याला ती काटे मारते. तिची मनधरणी चालू असतानाच, ज्याला कोणी बोलावले नव्हते आणि ज्याची दरखास्तही आली नव्हती, असा एक पिंपळ पाखरांच्या कृपेने दरजेतून वर आला. त्याची मुळे दगड फोडतात हे रावसाहेबांना ठाऊक होते, पण गडी पिंपळाला हात लावीना, आणि रावसाहेबांच्या पत्नी माईंनी तर बजावले, “अहो, घरात नातवाची मुंज व्हायची आहे, आत्ता मुंज्याच्या वाटेला जाऊ नका.” प्रकरण तहकूब झाले. मुंज पार पडताच तो पिंपळ एका रात्रीत अदृश्य झाला. त्याबाबत आजतागायत कोणाचीही जबानी घेण्यात आलेली नाही.

तिसऱ्या वर्षी रावसाहेबांनी अर्धवट उपायांना रजा देऊन संपूर्ण भिंतीस सिमेंटचा गिलावा करण्याचा निर्णय घेतला. कामावरच्या म्हाताऱ्या गवंड्याने थापी खाली ठेवून सांगितले, “रावसाहेब, भोकं बुजवू नका. पाणी कुठनं जाईल?” त्यावर, “ज्या वाटेने आले त्या वाटेने परत जाईल,” असा निकाल देऊन रावसाहेबांनी भोके गिलाव्याखाली गाडून टाकली. गुळगुळीत झालेल्या त्या भिंतीवर सुटीत आलेल्या नातीने वारली पद्धतीची चित्रे काढावयास घेतली. वारली माणसे ही चित्रे आपल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढतात, इथपर्यंत आजोबांची हरकत नव्हती. परंतु मध्यभागी तारपा वाजविणारा आणि त्याच्याभोवती हातात हात गुंफून नाचणारी माणसे पाहून त्यांनी शेरा मारला की, ही मंडळी अशी घोळका करून का उभी आहेत, त्यांस रांगेत उभे करावे. नातीने तो शेरा दप्तरी दाखल केला आणि वर्तुळ पूर्ण केले.

त्या वर्षी पाऊस बरा झाला. पुण्याचा पाऊस सरासरीने ७००-७५० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे कोकणी माणसाने ज्याला पाऊस म्हणू नये इतका. पण भिंतीमागे कोंडलेल्या पाण्याला सरासरीशी कर्तव्य नसते. तीन मीटर उंचीपर्यंत पाणी तुंबले, तर भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर सुमारे साडेचार टनांचा रेटा पडतो, आणि हा रेटा कोणाचा हुद्दा विचारीत नाही. श्रावणात भिंतीने पोट काढले. गवंड्याने ओळंबा सोडून पाहिला, तो मधला भाग चार बोटे पुढे आलेला. आणि तडा नेमका तारपा-नाचातून गेल्यामुळे वर्तुळ फुटून नाचणारी माणसे आजोबांच्या इच्छेबरहुकूम रांगेत उभी राहिली.

आपल्या मुलखात बांध घालून जमीन धरून ठेवण्याची विद्या जुनी आहे, आणि त्या विद्येने सुशोभनाचे खाते असे वेगळे कधी काढले नाही. कोकणातला जांभ्या दगडाचा गडगा चुन्या-सिमेंटावाचून नुसता रचलेला असतो. पाणी त्याच्या फटीफटींतून निघून जाते, आणि त्याच फटींत पावसाळ्यात शेवाळ व नेचे उगवून जी शोभा येते, तिचे बिल कोणी मंजूर केलेले नसते. वाईनजीक मेणवलीस नाना फडणविसांच्या वाड्यामागे कृष्णेचा जो घाट आहे, त्याने नदीकाठ सावरून धरला आहे, आणि तरीही त्याला भिंत म्हणण्याचे कोणाच्या मनात येत नाही, कारण बांधणाऱ्याने तिच्या पायऱ्या केल्या, आणि माणसे पिढ्यान्‌पिढ्या त्यांवर बसत, धूत व गप्पा मारीत आली. वाड्यांच्या भिंतींत दिव्यासाठी कोनाडा ठेवीत, तोही दिवा ठेवावयाचा असे म्हणूनच. भिंतीला काम दिले की तिचे रूप डोळ्यांत सलत नाही; तिच्यावरून लक्ष उडवायला गेले की मात्र सारे लक्ष तिच्याकडेच जाते.

हे तत्त्वज्ञान त्या गवंड्याने रावसाहेबांपुढे मांडले नाही. त्याने फक्त फुगलेला भाग उतरवला, गिलावा खरवडला, भोके मोकळी केली, भिंतीमागे खडीचा थर भरला, आणि बांधकामाला आतल्या बाजूस थोडा कल देऊन तेच काळे दगड पुन्हा नीट बसवले. काही दगड उरले. त्यांचा भिंतीच्या पायथ्याशी रस्त्याच्या बाजूने कट्टा करू काय, असे त्याने विचारले, आणि उरलेला माल शिलकेत दाखवण्यापेक्षा खर्ची पडलेला बरा, एवढ्याच कारणास्तव रावसाहेबांनी त्यास मंजुरी दिली. दोन कोनाडे माईंनी परस्पर काढून घेतले.

आता रोज सायंकाळी वसाहतीतील निवृत्त मंडळी त्या कट्ट्यावर भिंतीला पाठ टेकून बसतात. पाठ तिकडे असल्यामुळे भिंत त्यांपैकी कोणालाही दिसत नाही, आणि “रावसाहेब, भिंत काय झकास झाली हो!” असे प्रत्येकजण मनापासून म्हणतो. रावसाहेब हा अभिप्राय स्वीकारून मौन पाळतात. परंतु कट्ट्यावर बसले म्हणजे समोर पाहणे आले, आणि समोर एका निवृत्त पाटबंधारे अधिकाऱ्याच्या बागेखालची, गिलावा नसलेली, भोकाभोकांची भिंत आहे. महिनाभर ती पाहून घेतल्यावर रावसाहेबांनी वसाहतीच्या सौंदर्याच्या दृष्टीने सदरहू भिंतीची व्यवस्था तात्काळ लावावी, अशा आशयाचे पत्र जावक क्रमांक घालून त्या गृहस्थांकडे रवाना केले. दुसऱ्याच दिवशी उत्तर आले. त्यात लिहिले होते की, प्रस्ताव विचाराधीन आहे. तथापि आपल्या भिंतीचा मागील तीन वर्षांचा जमाखर्च सोबत जोडलेला नसल्याने तूर्त निर्णय घेता येत नाही.