हुशारी, वांगी आणि आभारप्रदर्शन

एरंडोलच्या बसस्थानकावर उभं राहून मोठ्याने विचारावं, "पारोळ्याची गाडी गेली का हो?" उत्तरांचा तुटवडा पडत नाही. एक जण सांगतो, आत्ताच गेली. दुसरा म्हणतो, अजून लागलीच नाही. तिसऱ्याला कुठेच जायचं नसतं, तो नुसता माणसं बघायला आलेला असतो. तो वेळापत्रकच बदलल्याचं जाहीर करतो. चौथा विचारतो, पारोळ्याला काम काय काढलं? या गलक्यात बाकाच्या टोकाला, टोपी गुडघ्यावर ठेवून बसलेला एखादा बाबा हळूच म्हणतो, "माले माहीत नही, भो. खिडकीवर इचार."

शहाण्या प्रवाशाने त्याच्याच शेजारी जागा धरावी. त्या बाबाच्या बोलण्यात दोन गोष्टी असतात: आपल्याला काय ठाऊक नाही याचा अंदाज, आणि ते कुठे कळेल याचा पत्ता. बाकीच्या तिघा-चौघांकडे दोन्ही नसतं, पण आवाज असतो. आणि आवाजालाच हुशारी समजण्याची रीत बसस्थानकापासून विधानसभेपर्यंत सारखीच आहे.

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जस्टिन क्रूगर आणि डेव्हिड डनिंग या दोघांनी 1999 साली हीच गंमत कागदावर मांडली. त्यांनी विद्यार्थ्यांची तर्क, व्याकरण आणि चक्क विनोदाची जाण तपासली आणि प्रत्येकाला विचारलं, बाबा रे, तुझा नंबर कितवा असेल? तळाच्या पाव भागातल्या मंडळींची खरी जागा सरासरीने शंभरात खालून बारावी होती. त्यांनी स्वतःला बसवलं बासष्टाव्या जागी. या निष्कर्षावर पुढे संख्याशास्त्रवाल्यांनी पुष्कळ वाद घातला, तो चालू द्यावा. बसस्थानकावर अर्धा तास काढलेल्या माणसाला त्यात नवल वाटण्यासारखं काही नाही.

एरंडोलकर आपल्या गावाला महाभारतातली एकचक्रा नगरी मानतात. लाक्षागृहातून सुटलेले पांडव इथेच एका ब्राह्मणाच्या घरी वेष पालटून राहिले आणि जवळच्या पद्मालयाच्या रानात भीमाने बकासुराला लोळवलं, हे इथलं शेंबडं पोरही सांगतं. पद्मालयाला उजव्या सोंडेचा आणि डाव्या सोंडेचा असे दोन गणपती शेजारी शेजारी बसलेले आहेत. बुद्धीची देवता जोडीने असल्यावर तालुक्यात बुद्धी कमी पडण्याचं कारणच नाही! पण बकासुराच्या गोष्टीत सगळ्यांचं लक्ष भीमाकडे. गाडाभर अन्न त्यानेच फस्त केलं, राक्षस त्यानेच मारला, आणि कुंडही त्याच्याच नावाचं, भीमकुंड. कुंतीकडे कोणी बघत नाही. वास्तविक घरमालकाच्या घरात रडारड ऐकू आल्यावर उठून चौकशीला गेली ती कुंती. तिने सगळं ऐकून घेतलं, आपल्या मुलाच्या ताकदीचा हिशेब केला, तोडगा काढला, चिडलेल्या युधिष्ठिराची समजूत घातली आणि वर ब्राह्मणाला बजावलं की याची कुठे वाच्यता नको. एवढी अक्कल एका प्रकरणात वापरूनही आजच्या काळात तिचा एक फलक लागला नसता. भीमाचा मात्र चौकाचौकात लागला असता, गॉगल घालून, खाली शुभेच्छुकांची रांग.

हुशारी कागदावर उमटावी लागते, अशी आपली समजूत आहे. एरंडोलला तर तसा हक्कच पोचतो, कारण इथला जाडाभरडा देशी कागद एके काळी नावाजलेला होता. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरमध्ये त्याची नोंद आहे. पण बुद्धी मोजण्याचा पहिला नावाजलेला कागद आला पॅरिसहून. आल्फ्रेड बिने आणि तेओदोर सिमाँ यांनी 1905 साली चाचणी तयार केली ती शाळेत मागे पडणारी मुलं ओळखून त्यांना मदत करता यावी म्हणून. पुढे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी तीच पद्धत मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतून घेतली आणि बिने-कामत चाचणी म्हणून ती रूढ झाली. बिनेचा हेतू बिचारा सरळ होता. आकडा घेऊन शेजाऱ्याच्या पोराशी तुलना करायची, ही भर नंतरच्या आईबापांची.

कागदाविना घेतलेली परीक्षा बघायची तर थंडीच्या दिवसांत भाजीबाजारात जावं. जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे: हिरवट-पांढरं, मोठं, हातात मावत नाही असं. टोपलीपुढे एक बाई उकिडवी बसते. विक्रेता सुरू होतो: "घ्या माय, लोणी आहे लोणी." बाई ऐकतच नाहीत. सारख्या मापाची दोन वांगी दोन तळहातांवर घेतात, क्षणभर तोलतात आणि हलकं असेल ते ठेवून घेतात, कारण हलक्यात बिया कमी. मग देठ बघतात, हिरवा की सुकलेला. अळीचं भोक कुठे आहे का म्हणून वांगं एकदा फिरवतात. शेवटी एकच प्रश्न: "कधीची तोड?" विक्रेता म्हणतो, "आज सकाळची, माय." बाई त्या सुकलेल्या देठाकडे बघतात, मग विक्रेत्याकडे बघतात. भाव आपोआप उतरतो. शेजारीच एक उच्चशिक्षित गृहस्थ सगळ्यात जड, सगळ्यात चकचकीत वांगं विजयी मुद्रेने पिशवीत टाकतात. त्यांच्या घरी त्या रात्री भरितात बियाच बिया.

याच मुलखातल्या बहिणाबाई चौधरी. जन्म 1880, जळगावजवळच्या आसोद्याचा. अक्षरओळख नाही. जातं, चूल, शेत, माहेर आणि माणसाचं मन यांवर त्या काम करता करता ओव्या रचत गेल्या. त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी त्यातल्या काही टिपून ठेवल्या, म्हणून उरल्या. बहिणाबाई 1951 साली गेल्या. सोपानदेव स्वतः नाव मिळवलेले कवी. पण आईच्या कवितांची वही आचार्य अत्र्यांसमोर काढताना ते संकोचले होते. अडाणी शेतकरी बाईच्या ओळी, त्याही बोलीतल्या, एवढ्या मोठ्या माणसाला कशा दाखवायच्या? अत्र्यांनी वही घेतली, वाचली आणि हे धन लपवून ठेवणं गुन्हा आहे अशा अर्थाचा दमच भरला. 1952 साली अत्र्यांच्याच प्रस्तावनेसह बहिणाबाईंची गाणी छापून आली. संकोच करणारा माणूस इथे कवी होता, सभा-संमेलनांत वावरलेला होता आणि ज्या मजकुराबद्दल संकोच होता तो अस्सल होता. तेव्हा धिटाई आणि गुणवत्ता यांचं फारसं येणंजाणं नाही, एवढं या मायलेकांवरून धरून चालायला हरकत नसावी. अत्र्यांबद्दल मात्र वाद नाही. धिटाई त्यांच्याकडे इतकी होती की सोपानदेवांना पुरून उरली.

उलटा मासलाही इथलाच आहे. एरंडोलचं शेजारगाव धरणगाव. तिथे 1890 साली जन्मलेला त्र्यंबक बापूजी ठोंबरे हा मुलगा 1907 साली जळगावच्या कविसंमेलनात उभा राहिला. वय अवघं सतरा. समोर महाराष्ट्रभरातले मिशाळ कवी, अध्यक्षस्थानी डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. हे कीर्तिकर लष्करातले डॉक्टर आणि मोठे वनस्पतिशास्त्रज्ञ. मुलाने कविता म्हटली, सभा थक्क झाली आणि 'बालकवी' ही पदवी तिथल्या तिथे त्याच्या नावाला चिकटली. फुला-पानांच्या कवीला ओळखायला वनस्पतिशास्त्रज्ञच भेटावा, हा योग फक्त खान्देशात जुळतो! पण गंमत पुढे आहे. ही गोष्ट सांगून आजवर किती आयांनी किती पोरांना पाहुण्यांसमोर उभं केलं असेल, "म्हण रे ती कविता, लाजतोस काय" म्हणून. पोरगं पडद्यामागे. पाहुणे चहात बिस्कीट बुडवण्यात गर्क. घामाघूम झालेली एकटी आई.

त्या पोराला कोणी सांगत नाही की पाहुण्यांचं लक्ष बिस्किटावर आहे. टॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग नेमका यावरच आहे, आणि तोही कॉर्नेलचाच. त्यांनी विद्यार्थ्याला बॅरी मॅनिलो या गायकाचं चित्र असलेला टी-शर्ट घालायला लावला. त्या वयाच्या पोरांच्या मते तो घालणं म्हणजे शोभा करून घेणं. मग त्याला भरल्या खोलीत पाठवलं. निम्म्या लोकांनी आपल्याला बघितलं, असं त्याला वाटलं. प्रत्यक्षात टी-शर्ट लक्षात आला होता जेमतेम पाव लोकांच्या.

खान्देशातल्या लग्नात तर पावही भरणार नाहीत. शर्टाची गुंडी वर-खाली लागली म्हणून एखादा तरुण मांडवाच्या खांबाला टेकून दोन तास अंग चोरत उभा राहतो. पंगतीत तेव्हा वरण-बट्टी आलेली असते, घोटलेल्या वांग्याची भाजी आलेली असते, आणि तूपवाला आपल्याला गाळून पुढे गेला की काय या एकाच चिंतेत चारशे माणसं असतात. गुंडीकडे बघणार कोण?

आल्बर्ट एलिस हे पुढे नामांकित मानसोपचारतज्ज्ञ झाले. तरुणपणी मुलींशी बोलायची त्यांना भयंकर धास्ती. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी स्वतःवरच प्रयोग केला. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स बोटॅनिकल गार्डनमध्ये महिनाभर जायचं, बाकावर एकटी बाई दिसली की जाऊन बसायचं आणि बोलायला सुरुवात करायची. त्यांनीच पुढे सांगितलेला हिशेब असा: 130 जणींजवळ जाऊन बसले, 30 उठून गेल्या, 100 जणींशी बोलले. भेटायची वेळ ठरली फक्त एकीशी, आणि तीही आली नाही. एलिस मात्र खूश. शंभर वेळा बोलूनही आभाळ कोसळलं नाही, कोणी पोलीस बोलावले नाहीत, आणि धास्ती गेली ती गेलीच.

हा प्रयोग एरंडोलला करू नये. पहिल्याच बाकावर एखादी मावशी विचारील, "तू कोनना पोऱ्या शेस रे?" नाव सांगितलं की आजोबांपर्यंत कुळी निघेल, कुठल्या तरी काकूची बहीण तिच्या नणंदेला दिलेली निघेल, आणि एलिस घरी पोचण्याआधी त्याच्या वडिलांना फोन गेलेला असेल. पण एलिसला न्यूयॉर्कमध्ये जे कष्टाने करावं लागलं ते इथे फुकट घडतं, हेही तितकंच खरं. त्या मावशीच्या तावडीत सापडलेल्या पोराला दहा मिनिटं बोलावंच लागतं. मुखदुर्बळ माणसाला गाव मोकळं सोडत नाही.

दुसरी सोय भरीत पार्टीची. शेतात काड्यांचा जाळ करून वांगी भाजायची, सोलायची, लाकडी बडगीत हिरव्या मिरचीबरोबर ठेचायची, कळण्याच्या भाकरीशी खायची. बाहेरून बदलून आलेला, कोणाशी न बोलणारा नवा कारकून पार्टीला आला की त्याला कोणी भाषण करायला सांगत नाही. त्याच्यापुढे भाजलेल्या वांग्यांची परात सरकवतात. बोटं पोळत साल काढता काढता तो शेजारच्याला विचारतो, "पाण्यात बुडवून सोललं तर?" आणि वाद पेटतो. एक पक्ष म्हणतो चव जाते, दुसरा म्हणतो हात वाचतो. अर्ध्या तासात कारकुनाला दोन आप्पा, एक जिभाऊ आणि तीन वैरी मिळालेले असतात. हातांना काम दिलं की जीभ सुटते, हे या मंडळींना पुस्तक न वाचता कळलेलं आहे.

व्यासपीठाचं भय घालवण्यासाठी मराठी माणसाने जी युक्ती काढली तिची दखल मात्र मानसशास्त्राने घ्यायला हवी होती. ती म्हणजे आभारप्रदर्शन. कार्यक्रम शाळेचा असो की वाचनालयाचा, स्वागत, प्रास्ताविक, परिचय ही कामं बोलघेवड्यांनी आधीच पळवलेली असतात. उरतात आभार. ते सगळ्यात लाजाळू शिक्षकाच्या गळ्यात. सर चार दिवस नावांची यादी पाठ करतात, ती चौघडी करून खिशात ठेवतात आणि वेळ येते तेव्हा समोर बघतात. अध्यक्ष गाडीत बसायला निघालेले. श्रोते चपला शोधताहेत. पोरं खुर्च्या एकात एक घालताहेत. ऐकायला उभा एकटा मंडपवाला, तोही वायर गुंडाळायची म्हणून. सर गडबडीत पहिले आभार त्याचेच मानतात. आयुष्यात पहिल्यांदा माइकवरून स्वतःचं नाव ऐकून मंडपवाला इतका सुखावतो की वायर सोडतो आणि हात बांधून शेवटपर्यंत ऐकतो.

पुढच्या वर्षी सरांना प्रास्ताविक मिळतं. आता सभागृह भरलेलं, अध्यक्ष जागेवर, चपला दाराशी. सर यादीविना बोलतात, मधे एक विनोद करतात, लोक हसतात म्हणून आणखी दोन करतात. खाली उतरल्यावर पहिल्या रांगेतले आप्पा त्यांचा हात हातात घेतात आणि म्हणतात, "सर, मांगला सालले बेस बोलनात. औंदा जरा लांबनं."