सावलीतली वेल

घरामागच्या परसात हरितगृह बांधतो, असं मी जाहीर केलं तेव्हा घरात कुणीच विरोध केला नाही. विरोध करावा इतकं मनावर मला कुणी घेतच नाही. चार जुने लोखंडी पाइप रोवले, वर हिरवी शेडनेट ताणली आणि आत द्राक्षाचं एक रोप लावलं. तो मांडव पाहून शेजारच्या काकूंनी विचारलं, "बारसं कुणाचं हो, गुरुजी?"

खूळ मुळात पुण्यातल्या मुलाचं. त्यानं मोबाइलवर लंडनजवळच्या हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यातली वेल दाखवली. १७६८ साली लावलेली, काचेच्या घरात पोसलेली, आणि अजून फळं देते! पण त्या लोकांना काच लागते ती ऊन साठवायला. आमच्या वाशीत, बालाघाटच्या माथ्यावर, ऊन नको म्हटलं तरी अंगणात येऊन बसतं. वाट पाहायची ती पाण्याची. म्हणून मी काचेऐवजी सावली बांधली. तर्क बिनचूक होता. (माझे तर्क बिनचूकच असतात, फजिती त्यानंतरची.)

वेल फोफावली. एप्रिलची खरड छाटणी केली, ऑक्टोबरची फळछाटणी केली, आणि दोन वर्षं नुसती पानं मोजली. "आळूसारख्या वड्या होत असतील तर सांगा, बेसन भिजवते," सौ. म्हणाली.

अखेर कळंबकडच्या मामांना बोलावलं. त्यांचा जन्म द्राक्षबागेत गेलेला. वेलीकडे त्यांनी पाहिलंच नाही, आधी वर नेटकडे पाहिलं. "गुरुजी, लेकराला गोधडीत गुंडाळून शाळेत धाडायलाव का?"

मग कळलं ते असं. घड दिसतो ऑक्टोबर छाटणीनंतर, पण धरतो उन्हाळ्यातच. एप्रिलच्या छाटणीनंतर दीड-दोन महिन्यांत, नव्या काडीच्या डोळ्यात, कुणाला दिसणार नाही इतका बारीक. तेव्हा डोळ्याला लख्ख ऊन मिळालं नाही, तर पुढे घडाच्या जागी बाळी येते, म्हणजे वेल आधाराला गुंडाळते तो तंतू. काकूंचा बारशाचा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता तर. माझ्या मांडवात बाळ्याच बाळ्या होत्या.

तेव्हापासून मला त्या वेलीची दया येते. मूळची ती थंडीच्या मुलखातली. तिकडे हिवाळ्यात पानं गाळून खुशाल झोपते. इथं तिला झोपवणारी थंडीच नाही. म्हणून आपण कात्रीनं वर्षातून दोनदा खोटा हिवाळा करतो आणि लगेच डोळ्यांना औषध लावून तिला उठवतो. चौदाव्या शतकात दौलताबादला आलेल्या इब्न बतूतानं इथली द्राक्षं वर्षातून दोनदा पिकतात असं लिहून ठेवलंय. त्याला नवल वाटलं असेल. वेलीला काय वाटत होतं, ते मी सांगू शकतो. दुपारी माझा डोळा लागला रे लागला की ओट्यावर कपबशी आपटते.

एप्रिलात नेट उतरवली. तिच्याखाली सौ.नं कुरडया वाळवल्या, आणि हरितगृहाचा एवढा चोख उपयोग आधी झालाच नव्हता, हे चारचौघांत सांगितलंही.

फेब्रुवारीत दोन घड पिकू लागले. एक बुलबुलांनी आमच्या आधी चाखला. दुसऱ्याला त्याच नेटचा तुकडा बांधला आणि मार्च उजाडेपर्यंत रोज सकाळी त्याचे मणी मोजले. एकोणीस. काढले त्या दिवशी पहिली वाटी अर्थातच काकूंना. सात मणी. त्यांनी एक तोंडात टाकला, एक डोळा घट्ट मिटला, आणि बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या,

"गुरुजी, घरात गूळ आहे का थोडा?"