फ्रॉट

इंग्रजी विशेषणांचा मला जुना शौक. नामं-क्रियापदं काय, कोणीही वापरतं; माणूस ओळखावा तो विशेषणावरून, असं आपलं माझं मत. ब्रेक्झिटच्या वाटाघाटी चालू असताना एका विलायती पेपरात ‘फ्रॉट’ भेटलं आणि मी खुळावलोच. मूळचा अर्थ म्हणे माल लादलेलं, मालगाडीवाल्या ‘फ्रेट’चं हे भावंड, पुढे माल उतरला आणि ताणतणाव, कटकटी चढल्या. एवढ्या तयारीचा शब्द घरात कुजवायचा कशाला? गॅस संपलेला, मावशी गावाला गेलेल्या, सासरे दारात, असा मुहूर्त साधून मी म्हणालो, “सिच्युएशन फ्रॉट आहे.” ही म्हणाली, “फ्रूट कसलं, एकच केळं उरलंय, ते द्या बाबांना.”

म्हणून मी तो सोसायटीत नेला. वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत उरकायची म्हणून घाईघाईने बोलावलेली, गणसंख्येअभावी रीतीप्रमाणे अर्धा तास तहकूब करून त्याच टाळक्यांनिशी पुन्हा सुरू झालेली, आणि विषय गळतीचा. बायलॉजप्रमाणे संडास-मोरीची गळती सभासदाने निस्तरायची, गच्चीची सोसायटीने. त्यामुळे मधे तीन मजले असूनही आमच्या वरचे गृहस्थ पाणी गच्चीवरूनच येतं हे हातवारे करून सिद्ध करत होते. इतिवृत्त माझ्याकडे. मी झोकात लिहिलं की दुरुस्ती फंडाचा प्रश्न ‘फ्रॉट’ आहे.

पुढच्या सभेत ते मीच वाचून दाखवलं. खजिनदार ताडकन उठले. अख्खी नोकरी बँकेत कॅशवर काढलेला माणूस, कधी चार आणे इकडचे तिकडे नाहीत, मोडसुद्धा रुमालात बांधून आणणारा, आणि त्याच्या फंडात म्हणे फ्रॉड! “अहो काका, फ्रॉड नाही, फ्रॉट,” मी म्हणालो. “स्पेलिंग सांगा!” मागून कोणीतरी ओरडलं. मी खणखणीत आवाजात सुरू केलं, “एफ, आर, ए, यू...”

इथपर्यंत दोन्ही शब्द एकच असतात.

उरलेली तीन अक्षरं मला कोणी उच्चारू दिली नाहीत. खजिनदारांनी किल्ल्या टेबलावर आपटल्या, वरच्या गृहस्थांनी गळतीचा विषय अलगद बाजूला सारून ‘आधी चौकशी’ असा ठराव मांडला आणि अनुमोदनाला, देवा, आमचे सासरे हात वर करत होते. ते सभासदही नाहीत.

हिशेब तपासले गेले. पै न पै जुळली. थकबाकीदार एकच निघाला, बी विंग, दुसरा मजला, तीन महिन्यांचा मेंटेनन्स.

आता तिथल्या पाटीवर माझंच नाव आहे, त्याला मी काय करणार!