खड्डा बंद करण्याचा आदर्श आराखडा

एखादी गोष्ट बंद कशी पडते, हे दाभोळवाल्यांना कुणी शिकवायला नको. खाडीपलीकडे अंजनवेलला उभा राहिलेला वीजप्रकल्प आमच्या गावाच्या नावाने जगभर गाजला. १९९५ साली युती सरकारने तो रद्द केला, १९९६ साली त्याच सरकारने पुन्हा मान्य केला आणि २००१ साली बिलांच्या भांडणात तो बंद पडला. पण प्रकल्प बंद पडला तर निदान फाटकाला कुलूप घालता येतं. चिरेखाण बंद पडली की कुलूप कशाला घालायचं?

जिल्ह्यातल्या कातळी सड्यांवर चिरेखाणींचे असे कित्येक चौकोनी डबरे पडून आहेत. त्यांच्या उद्धारासाठी आम्ही एक आदर्श आराखडा तयार केला आहे. इच्छुकांनी फक्त गट नंबर बदलून जोडावा. तशी पद्धत आहेच.

कलम १. जमिनीची मूळ स्थिती. इथे ‘पोटखराबा’ एवढंच लिहावं, कारण सातबाऱ्याला कातळ तसाच दिसतो. पहिल्या पावसात त्या कातळावर दीपकाडी फुलते, पुढे सीतेची आसवं पसरतात, वाडीची गुरं चरतात, खालच्या विहिरींना तिथूनच पाणी झिरपतं. पण सातबाऱ्यात याला रकाना नाही. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी कोकणच्या सड्यांवर हत्ती आणि मासे कोरून ठेवले. ती कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीतही गेली. मात्र कोरणाऱ्यांनी परवाना घेतला नव्हता, रॉयल्टीही भरली नव्हती, तेव्हा त्यांचा उल्लेख टाळलेला बरा. आधी काहीच नव्हतं असं एकदा लिहिलं की पूर्ववत करायलाही काही उरत नाही. निम्मा आराखडा इथेच फत्ते!

कलम २. वरची माती. ती आधी वेगळी काढून जपावी आणि खाण संपल्यावर परत पसरावी, असं केंद्राचे खाण-नियम सांगतात. सड्यावर माती असते बोटभर. तिचा नीट ढीग करून फोटो काढावा. पुढची व्यवस्था जूनमध्ये पाऊस करतो. ढीग थेट खाडीत. आमच्या दापोली तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो, पण केंद्राच्या खाण ब्युरोचं मुख्यालय पडलं नागपूरला. तिथवर हे शिंतोडे उडत नाहीत.

कलम ३. हमीची रक्कम. चिरा हे गौण खनिज, त्याचा कारभार राज्याकडे. बॉक्साइटसारख्या मोठ्या खनिजाला मात्र केंद्राचा नियम लागतो. २०१७ साली ‘अ’ वर्गाच्या खाणीसाठी हेक्टरी ३ लाख रुपये हमी ठरली, २०२१ साली ती ५ लाख झाली. आता चिऱ्याच्या खड्ड्यालाही हाच दर धरून हिशेब करू. हेक्टरभर पसरलेला आणि आठ मीटर खोल खड्डा म्हणजे ८०,००० घनमीटर. तो ५ लाखांत भरायचा तर ब्रासला अठरा रुपयेसुद्धा पडत नाहीत. एवढ्या पैशात डंपरवाला माती आणत नाही, फार तर हॉर्न वाजवून जातो.

कलम ४. गवत. खाण संपल्यावर खाणवाल्याने जमिनीवर पुन्हा गवत आणावं, गुरांना चारा मिळावा, असं सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२० रोजी बजावलं. आदेश शिरसावंद्य, पण गवताच्या उद्घाटनाला कोण येणार? त्यापेक्षा वृक्षारोपण लिहावं. झाड ऑस्ट्रेलियन बाभळीचं घ्यावं. गुरं तिला तोंड लावत नाहीत, त्यामुळे ती जगते आणि टक्केवारी छान येते. गुरांनी टक्केवारी खावी.

कलम ५. ताबा. चिरे संपले की ठेकेदार जमीन मालकाला साभार परत करतो. सातबारा शाबूत, जमीन गायब. त्यावर नावं पस्तीस, त्यातली वीस मुंबईत. सडा होता तेव्हा या भाऊबंदांचं वाटप कधी जमलं नाही. आता कुणाच्या वाट्याला तळ द्यायचा आणि कुणाच्या वाट्याला भिंत, एवढाच वाद आहे. तो गणपतीत सगळे गावी आले की मिटवावा. नाहीतर पुढच्या गणपतीत.

कलम ६. पाणी. पावसात डबरा काठोकाठ भरतो. कुंपणाला खर्च येतो, ‘नियोजित जलपर्यटन केंद्र’ या पाटीला कमी येतो. पाटी लावावी. गोव्यात बंद खाणींतलं पाणी टंचाईत उपसून वापरलं गेलं, हा दाखला जोडावा. त्यासाठी पाणी तपासावं लागतं, पंप बसवावे लागतात, सरळ उभ्या कडा उतरत्या कराव्या लागतात, म्हणजे आत पडलेलं जनावर वर येऊ शकतं, हा तपशील मात्र जोडू नये.

आमच्या एका चिकित्सक वाचकाचं म्हणणं असं, की हा आराखडा पहिला चिरा निघायच्या आधी करायला हवा. सड्यावर काय उगवतं, पाणी कुठे मुरतं, गुरं कुणाची, शेवटी कडा किती उतरत्या ठेवायच्या आणि पैसे कोण भरणार, हे सगळं ग्रामसभेत वाचून मगच मशीन आत घ्यावं. सूचना चांगली आहे, पण घातक. एवढं सगळं आधीच लिहून काढलं आणि लोकांनी ते खरोखर वाचलं, तर कदाचित खाणच उघडणार नाही. मग आमच्या आदर्श आराखड्याने बंद काय करायचं?