तक्रार कुणाची आली?

रास्पबेरी पाय हा एटीएम कार्डाएवढा संगणक केंब्रिजच्या मंडळींनी २९ फेब्रुवारी २०१२ ला बाजारात आणला. पोरांनी स्वस्तात प्रोग्रामिंग शिकावं, एवढाच त्यांचा हेतू होता. चार वर्षांतून एकदा उगवणाऱ्या तारखेला जन्मलेलं यंत्र वेळेच्या बाबतीत कच्चं निघणार, हे ओघानंच आलं. त्याबद्दल पुढं सांगतो.

आमचा पाय नांदेडला, तरोड्यातल्या घरी टीव्हीमागं असतो आणि चोवीस तास चालतो. म्हणजे लाईट असते तेव्हा. मी नोकरीनिमित्त लातूरला. मधे लोहा, अहमदपूर, चाकूर. त्याच्याकडे दोन कामं. आप्पांनी जन्मभर जमवलेल्या भजनांच्या कॅसेटी त्याच्या पोटात उतरवल्या आहेत. स्पीकर थेट त्यालाच जोडलाय, पहाटे साडेपाचला काकडा आपोआप सुरू होतो. दुसरं काम पाय-होलचं. घरातला प्रत्येक फोन कुठल्याही साइटचा पत्ता आधी पायला विचारतो. जाहिरातवाल्यांचा पत्ता विचारला की पाय कानावर हात ठेवतो. यूट्यूबच्या जाहिराती मात्र त्याला अडवता येत नाहीत, कारण तिथं जाहिरात आणि व्हिडिओ एकाच दारानं आत येतात. आणि आई फक्त यूट्यूब बघते.

नेटवर्क बिघडलं की खालून वर जावं, असं पुस्तकं सांगतात: आधी वायर, मग पत्ता, मग नाव. पुस्तकं लिहिणारे यंत्राशेजारी बसलेले असतात. मी दीडशेच्या आतबाहेर किलोमीटरवर. तेव्हा माझी पद्धत वेगळी. मी आधी बघतो, तक्रार कुणाची आली.

आप्पांची एकट्याची आली, तर नेटवर्कचा काही संबंध नाही. वीज कमी पडतेय किंवा मेमरी कार्ड मान टाकायला लागलंय. पाय ४ ला ५ व्होल्ट आणि ३ अँपिअर लागतात, दाब ४.६३ च्या आसपास खाली घसरला की तो कुरकुरू लागतो.

"आप्पा, पायचा चार्जर काढला का तुम्ही?"

"काढला नाही रे. बदललाय. त्याचा माझ्या मोबाइलला बरा बसलालाय."

"मग पायला कुठला लावला?"

"जुना पडून होता की एक."

पायला एका आज्ञेनं प्रकृती विचारता येते. उत्तर शून्य आलं की सगळं ठीक. आमच्याकडे ‘शून्य एक्स पन्नास हजार’ आलं. म्हणजे आत्ता वीज पुरेशी आहे, पण मघाशी कमी पडली होती आणि मी ते मनात ठेवलंय. बंद करून चालू करेपर्यंत तो हे विसरत नाही. आमच्या भावकीत बंद करून चालू करायचीही सोय नाही.

दोघांचीही तक्रार आली तर लाईट. त्यातला गमतीचा भाग लाईट आल्यानंतर सुरू होतो. पाय ४ मध्ये सेलवरचं घड्याळ नाही. शेवटची वेळ जिथं लिहून ठेवली असेल तिथूनच तो पुन्हा मोजायला लागतो आणि नेट मिळालं की खरी वेळ विचारून घेतो. आता घरात लाईट आली, पण गल्लीच्या तोंडावरच्या नेटवाल्याच्या डब्यात आलीच नाही, तर विचारणार कुणाला? एकदा मध्यरात्री गेलेली लाईट तीन तासांनी आली. पायच्या वहीत ते तीन तास झालेच नव्हते. नेट दुपारपर्यंत आलं नाही आणि काकडा साडेआठला सुरू झाला. आईची भाजीवाल्याशी घासाघीस चालली होती. त्यानं हात जोडले आणि मेथी पाच रुपयांनी उतरवली.

एकट्या आईची तक्रार हा सर्वांत शास्त्रीय प्रकार.

"नेट चालंना गेलंय."

"वायफायच्या खुणेला सगळ्या कांड्या हायत का?"

"कांड्या हायत की. नेट नाही."

"आप्पांचं भजन?"

"ते कवा बंद असतंय?"

निदान झालं. पाय जिवंत आहे, वायफाय ठीक आहे, नावावरून पत्ता सांगणारं कुणी नाही. आईच्या फोनवर एक ॲप टाकून ठेवलंय, त्यातून ८.८.८.८ या नुसत्या आकडी पत्त्याला हाक मारली तर लगेच ओ आली. म्हणजे रस्ताही चालू. लाईट येण्या-जाण्याच्या गडबडीत राऊटरनं पत्ते नव्यानं वाटले होते. पायचा शेवटी १० असलेला पत्ता टीव्हीला गेला आणि पायला २३ मिळाला. सगळं घर टीव्हीला पत्ते विचारत बसलं होतं आणि टीव्ही गप्प होता. त्याच्या आयुष्यातली ती पहिलीच शांतता असावी.

पायचा पत्ता कायमचा करायला जुने जाणकार एका फाइलीत दोन ओळी लिहायला सांगतात. पायच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या आवृत्तीनं तो कारभार नेटवर्क मॅनेजरकडे दिला. त्या जुन्या फाइलीत आता काहीही लिहा, कुणी वाचत नाही आणि हरकतही घेत नाही. म्हणून पत्ता राऊटरमध्येच राखून ठेवावा हे बरं.

आणि घरी सगळे खूश, तक्रार फक्त माझी: लातूरहून पाय दिसत नाही. इथं नेट कंपनीच्या मदतकेंद्रातला मुलगा राऊटर बंद करून चालू करायला सांगतो. कशानंच काही होत नाही, कारण बिघाड झालेलाच नसतो. जुन्या पद्धतीचे पत्ते जगात साधारण ४३० कोटी. आशियाच्या वाट्याचा साठा एप्रिल २०११ मध्येच तळाला गेला. मग कंपन्या कितीतरी घरांना मिळून बाहेर एकच पत्ता दाखवू लागल्या, आणि आतल्या वाटपासाठी १००.६४ पासूनचे पत्ते २०१२ मध्ये राखून ठेवले गेले. लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. पाकिटावर नुसतं ‘गंजगोलाई, लातूर’ लिहिलं तर पोस्टमननं कुठल्या रस्त्याला वळायचं? आतून बाहेर जायला मात्र अडचण नाही. म्हणून मुंबईतलं एक छोटं भाड्याचं यंत्र घेतलं. घरचा पाय वायरगार्डच्या बोगद्यातून त्याला दर २५ सेकंदांनी ‘आहे मी’ असं कळवतो आणि मी मुंबईमार्गे तरोड्यात शिरतो. नकाशावर हे हास्यास्पद दिसतं, पण चालतं.

एवढं सगळं जमल्यावर परवा एका अनोळखी नंबरवरून फोन आला.

"काका, तुमचं नेट कालपासून लई हळू चाललालंय."

शेजारचा बारावीतला पोरगा. आईला विचारलं.

"मीच दिला पासवर्ड. त्याची सीईटी हाय."

पायच्या नोंदीत त्याचा फोन सापडला. घरातल्या निम्म्याहून जास्त चौकशा त्याच्या एकट्याच्या होत्या आणि त्यातली एकही सीईटीची नव्हती. पण पोरगं कामाचं. पायवरचे दिवे वाचून दाखवतं, वायर कुठल्या भोकात आहे ते बरोबर सांगतं, आप्पांनी चार्जर बदलला की लगेच कळवतं. त्याला म्हटलं, बाबा, तुला काय हवं ते माग.

"काका, माझ्या फोनवरच्या जाहिराती तेवढ्या चालू करा."

"चालू?"

"गेममधी जाहिरात बघितली की एक लाईफ भेटती."